अडखळलेला मंत्र

माझा मामा बोटीवर होता. त्याने बाहेरून आणलेल्या एका खोक्यात जाडसर इंग्रजी नियमपुस्तक आणि आठ-दहा-वीस बाजूंचे फासे होते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातला लढवय्या, चोर किंवा जादूगार व्हायचं, आणि कोणाचं काय जमलं ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. आम्ही कॉलेजातले चौघं रविवारी दुपारी आरे कॉलनीत जमायचो. आमच्यातल्या एकाचे वडील डेअरीत कामाला होते, त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. पुस्तक माझं, म्हणून गोष्ट मी सांगायचो आणि नियमांचा अर्थही मीच लावायचो.

ज्याचं घर, तो जादूगार. बोलताना तो फार अडखळायचा. वर्गात हजेरी देतानाही त्याला घाम फुटायचा. खेळासाठी मात्र तो स्वतः मंत्र रचायचा, वहीत मराठीत लिहून आणायचा आणि सावकाश म्हणायचा. आम्ही थांबायचो.

एका रविवारी गोष्टीतल्या गुहेत आमची वाट लागली होती. तो मंत्र म्हणायला लागला आणि पहिल्याच अक्षरावर अडला.

"बस चुकेल यार," एकजण घड्याळ बघत म्हणाला.

मी पुस्तक उघडलं. मंत्र म्हणणाऱ्याने न अडखळता म्हटला पाहिजे, नाहीतर तो वाया जातो, असं एक वाक्य होतं.

"गेला तुझा मंत्र," मी म्हणालो. दोघं हसले. मीही हसलो.

"हे जा... जादूगाराबद्दल आहे रे," तो म्हणाला. "माझ्याबद्दल नाही. तो अ... अडखळत नाही."

"म्हणणाऱ्याने, असं लिहिलंय. म्हणतोयस तूच ना?"

त्याने वही मिटली, खेळ संपेपर्यंत बसला आणि आम्हाला स्टॉपपर्यंत सोडायलाही आला.

पुढच्या रविवारी त्याने अभ्यासाचं कारण दिलं. त्याच्या पुढच्याही. महिन्याभराने मी एकटाच गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या आईने चहा दिला आणि विचारलं, "तुमचा काय भांडाण झालां काय रे? आता घरात पण बोलणा नाय तो."

मी नाही म्हणालो. चहा संपवला आणि निघालो.

वर्षभरात त्याचे वडील रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि ते सगळे गावी गेले. पत्ता मी मागितला नाही. पुस्तकातलं ते वाक्य मी नंतर पुष्कळदा वाचलं. त्याचे दोन्ही अर्थ निघत होते. तो म्हणत होता तो अर्थ जास्त सरळ होता, आणि हे मला त्या दुपारीही कळलं होतं.