नेल्बाचे चार महाग तास

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन नेल्बा सिल्वेराला नऊ वर्षं झाली होती, पण ‘का?’ विचारायची तिची खोड काही सुटली नव्हती. टाकुआरेंबो गावाकडच्या तिच्या घरामागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तिने चौकीदाराला प्रश्न विचारून इतकं भंडावलं, की ती दिसताच तो बिचारा गाडीत जाऊन झोपेचं सोंग घ्यायचा.

यंदा मात्र प्रश्न जिवाशी आला. नवरा दार्दो जन्मभर मेंढ्या कातरलेला माणूस. आता छातीने बेजार. डॉक्टरांनी लाकडाची शेगडी बंद करायला लावली. म्हणजे ऊब विजेचीच, आणि संध्याकाळी वीज महाग. "हिवाळाभर इथे राजधानीत, माँटेव्हिडिओला या," मुलगी सारखी म्हणत होती. आठव्या मजल्यावर, ना मेंढी ना गवत! दार्दो तिथे झुरून जाईल, याची नेल्बाला खात्री होती.

तिने वीज कचेरी गाठली आणि काउंटरवरच्या यानिनाच्या खनपटीलाच बसली.

"आमच्या टेकडीवरचा वारा फुकट. मग पाच ते नऊ वीज एवढी महाग का गं?"

"मावशी, सगळा देश तेव्हाच गिझर लावतो. त्यात वारा पडला, की तेल जाळावं लागतं."

"आणि पहाटे वारा सुटतो, तेव्हा?"

"तेव्हा घ्यायला कुणी नसतं. शेजारच्या देशांना देऊन टाकतात, मिळेल त्या भावाने."

"म्हणजे आमच्या वाऱ्यावर ब्राझीलच्या बाया स्वस्तात न्हाणार, अन् माझा म्हातारा कुडकुडणार? छान आहे!"

यानिनाला हसू आवरेना. "मग स्वस्तातली साठवून ठेवा की. बॅटरी घ्या."

बॅटरीची किंमत ऐकून नेल्बाने कोपरापासून हात जोडले. पण ‘साठवून ठेवा’ हे डोक्यात घोळतच राहिलं. वीज नाही तर नाही, ऊब साठवता येईल का?

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तिने विजेच्या ओव्हनमध्ये सहा विटा तापवल्या, गोणपाटात गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि वर लोकर घालून पायाने तुडवली. कातरणीच्या हंगामात इथे गठ्ठे असेच भरतात. सात वाजेपर्यंत विटा गार. तिसऱ्या दिवशी तिने दुप्पट लोकर कोंबली, तर विटा साडेसहालाच गार! हे कसं काय, म्हणून ती खोक्यासमोर फतकल मारून बसली.

दार्दो पांघरुणातून सगळं बघत होता. "अगं, मेंढीच्या अंगावरची लोकर कुणी तुडवून बसवली होती का?" तो खेकसला. "मोकळी सोड तिला. बाजारात न्यायचीय की काय?"

नेल्बाने लोकर पिंजून आत हवा कोंडून राहील अशी हलकी केली, वरूनही सैलच पसरली. चौथ्या दिवशी चारला पुन्हा विटा तापवल्या. संध्याकाळी साडेआठला तिने आत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. तिला इतका आनंद झाला, की तिने दार्दोचे पाय धरून सरळ खोक्यात, वरच्या लोकरीवर ठेवले. त्याने पायांची बोटं लोकरीत खुपसली. राहायचं की जायचं, हे मात्र त्याने आजवर एकदाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला, तो दार्दोने उचलला. "बाबा, तिकिटं काढू ना?" मुलीचा आवाज नेल्बालाही ऐकू आला.

"काढ," दार्दो म्हणाला.

नेल्बा फोन हिसकावायला पुढे झाली, पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुमची काढ. दोन्ही पोरांना घेऊन ये. माझ्या खोक्यात अजून चार पाय मावतात."