माफीपण माईकवरच

सांगली-साताऱ्याच्या टापूत माझ्या थोरल्या आत्याइतकं अवघड माणूस देवानं दुसरं घडवलेलं नाही. जन्मभर नर्सची नोकरी केल्यामुळे अख्खं जग तिला एक वॉर्डच वाटे, आणि त्यातला सगळ्यांत अशक्त पेशंट आधी बघायचा, हा तिचा नियम. एकदा मेढ्याच्या एसटीत तिनं एका आंधळ्या म्हाताऱ्याला आमदारांसाठी राखीव सीटवर बसवलं. तिथं आधीच बसलेल्या दोन धडधाकट तरुणांना म्हणाली, "आमदार आले की ह्यांना उठवू. तुमी आत्ताच उठा." मी खिडकीबाहेर बघत तिची ओळख नसल्यासारखा बसलो होतो.

पण तिचा खरा हट्ट आम्ही सांगलीच्या आमच्या चर्चमध्ये पाहिला. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला हरवला आणि कमिटीच्या सेक्रेटरींनी भर उपासनेत माईकवरून झाडलोट करणाऱ्या सोनाबाईचं नाव घेतलं. म्हसवडकडून आलेली ही विधवा बाई, कानानं अधू. लोक आपल्याकडे का बघतायत, हेही तिला उमगेना. तिचं काम त्याच दिवशी सुटलं. पुढचे तीन रविवार प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आत्यापुढे आलं की ती तुकडा न घेता ते तसंच पुढे सरकवी. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सोनाबाईला भाईर ठेवून मला हितलं जेवण गोड लागत न्हाई."

चौथ्या आठवड्यात प्याला सेक्रेटरींच्याच घरी सापडला. त्यांच्या पत्नीनं तो घासायला नेला होता आणि त्या विसरून गेल्या होत्या. सोनाबाईला गुपचूप कामावर घ्यावं असं कमिटीत ठरलं. पुढच्या रविवारी सोनाबाईला शेजारी बसवून आत्या भर उपासनेत उभी राहिली.

"आरोप माईकवर केला. माफीपण माईकवरच मागा."

सेक्रेटरींनी मागितली. सोनाबाईला ती ऐकू गेली नाही, म्हणून आत्यानं त्यांना खाली बोलावून तिच्या कानाशी पुन्हा म्हणायला लावली.  सोनाबाई हलकेच म्हणाली, "आता बसा, सायेब."

घरी जाताना मी आत्याला विचारलं, "प्याला खरंच तिनं घेतला असता तर?"

"तर चोरी कबूल करायला तिला सांगितलं असतं, आन् तिच्या शेजारी बसले असते."

आता आत्याचे गुडघे गेलेत, रविवारी ती येत नाही. उपासना शांतपणे पार पडते. कधीतरी कुणावर अन्याय होतोय असं आम्हाला सगळ्यांनाच जाणवतं, आणि कुणीतरी उठेल म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत राहतो.