धुळ्याहून आलेले परीक्षक

धुळ्याहून प्रॅक्टिकल परीक्षेला आलेल्या एका सरांनी आमच्या मॅडमना सावरलं, आणि मलाही. त्यांचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

जळगावच्या एका फार्मसी कॉलेजात मी लॅब अटेंडंट आहे. शाळा आठवीत सुटली, घर लांब सातपुड्यात. मॅडमच मला दहावीचं शिकवतात. पण तास, पेपर, वर कॉलेजच्या तपासणीच्या फायली, यात त्या पार थकून गेल्या होत्या. "ही परीक्षा झाली की नोकरी सोडते गं," म्हणाल्या, तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

बाहेरच्या परीक्षकाची आमच्याकडे फार सरबराई. दुपारी शेवभाजी मागवली होती. सकाळपासून उपाशी असलेल्या मॅडम वाढायला उभ्या राहिल्या, तर रस्सा ताटाबाहेरच सांडला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, त्यांच्या हातातला डाव काढून घेतला.

"मी परीक्षक आहे, जावई नाही. बसा."

मग माझ्याकडे वळून, "तू बी बस वं माय. पहिले बठ्ठा जेवूत, सगळेच."

"सर, तोंडी परीक्षा राहिलीय," मॅडम म्हणाल्या.

"परीक्षा पोरांची आहे मॅडम, तुमची नाही."

मॅडम हसल्या आणि हसता हसता रडल्या. जाताना सर प्राचार्यांशी बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी फायली तिघांत वाटल्या गेल्या. मॅडम राहिल्या.

कधीतरी धुळ्याला जाऊन सरांचं कॉलेज शोधीन, आणि त्यांच्या लॅबमधली काचेची सगळी भांडी एक दिवस मी धुऊन देईन.