हौदातले बुडबुडे

"हळद नवरीला लावतात, गाडीला न्हाय."

रेडिएटरचं झाकण उघडून चाचा आतलं पाणी बोटावर घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि हे वाक्य टाकायचे. रेडिएटर गळायला लागला की आम्ही ड्रायव्हर मंडळी त्यात मूठभर हळद ओतायचो. गळती तेवढ्यापुरती थांबायची, पण हळद आतल्या बारीक नळ्यांत बसायची आणि गाडी जास्तच तापायची. आगीतून फुफाट्यात. चाचांची बोलणी खाल्ल्याशिवाय कुणाचंच काम पुढे सरकत नसे.

त्या वर्षांत तुमची गाडी धामणकर नाक्यावर कधी उकळली असेल, तर तुम्ही चाचांना पाहिलं असणारच. मागच्या गल्लीत दोन लूम-कारखान्यांच्या मधे त्यांचं घर, आणि ओट्यावर रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. एक भट्टी, ॲसिडची बरणी, पाण्याचा सिमेंटचा हौद. लूमच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही म्हणून चाचा ओरडून बोलायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे, तरी ओरडायचे.

मी खाडीकाठच्या कशेळीचा. भाड्याची गाडी चालवायचो आणि रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं मचूळ पाणी भरायचो. आत क्षाराचे थर चढायचे.

"खाडी पाजलीस काय रे हिला?" चाचा विचारायचे. "गाडी हाय ही, होडी न्हाय."

गळकी जागा कथलाने झाळून बुजवली की रेडिएटर हौदात बुडवायचा. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला रबरी नळी, आणि त्या नळीत चाचा स्वतः फुंकायचे. गाल फुगायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. जिथे बुडबुडा येईल तिथे पुन्हा झाळायचं. बुडबुडा नाही तर गळती नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवेचं मशीन होतं, पण चाचा त्याच्याकडे कधी गेले नाहीत.

"मशीनला काय कळतंय? जोरात हवा मारली तर चांगली नळी बी फाटंल. मानसाचा दम बस हाय."

तो दमच संपत आला होता. भट्टीचा धूर, शिशाची वाफ, ॲसिडचा उग्र वास, सगळं इतकी वर्षं त्यांच्या छातीत जात होतं. चार पावलं चालले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, तर म्हणाले, "काम बंद करून काय करू? लूम मोजत बसू?"

चाची, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना काम सोडा म्हनू नको, बाबा. आपल्याच्यानं होत न्हाय असं त्यांना कळलं ना, तर ते जगायचे न्हाय." ती उगाच बोलणारी बाई नव्हती.

पुढे एकदा माझा रेडिएटर जोडावर गळायला लागला. चाचांनी झाळला, हौदात बुडवला, नळी तोंडाला लावली. गाल फुगले, डोळे लाल झाले. हौदातलं पाणी हललंसुद्धा नाही.

"बघ," चाचा धापा टाकत म्हणाले, "एक बुडबुडा न्हाय. घेऊन जा."

दारात चहा घेऊन चाची उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी रेडिएटर उचलला.

जेमतेम अंजूरफाट्यापर्यंत गेलो आणि गाडी उकळली.

चाचांची फुंक आता नळीच्या टोकापर्यंतही पोचत नाही, हे हळूहळू सगळ्यांनाच कळलं. ड्रायव्हर चाचांकडून काम करून घ्यायचे आणि गुपचूप दुसरीकडे जाऊन पुन्हा झाळायचे. मला ते जमलं नाही. जोडावर दुसऱ्याचा हात लागला असता तर चाचांनी लगेच ओळखला असता. मी डिकीत पाण्याचे कॅन ठेवून दिवस काढले. तोवर नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले होते. त्यांना कथील धरत नाही; फुटला की फेकायचा, नवा बसवायचा. चाचांकडे उरलो ते आम्ही, जुन्या गाड्यांवाले, आणि आम्हीच त्यांना फसवत होतो.

एका सकाळी चाचांना ठाण्याला इस्पितळात न्यायचं होतं. चाचा पुढे, चाची मागे. कशेळीला ट्रकांची रांग लागली आणि तापमानाचा काटा चढत गेला. मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. नको नको म्हणेपर्यंत चाचा उतरून माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांनीच झाळलेल्या जोडातून पाणी ठिबकत होतं. मी डिकीतून काढलेले कॅनही त्यांनी पाहिले.

"कवापासून?"

"आत्ताच, चाचा. मघाच्या खड्ड्यात आपटली ना."

"आनि बाकीच्यांच्या?"

मी कॅनचं बूच फिरवत राहिलो. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. ते जोडावर अंगठा दाबून उभे राहिले, चटके बसत होते तरी. मग, जन्मभर ओरडून बोलणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "चाचीला बोलू नको."

मी पाणी भरलं आणि गाडी ठाण्याला नेली. इस्पितळातून चाचा परत आलेच नाहीत.

दफन झाल्यावर काही दिवसांनी मी घरी गेलो. ओट्यावरची भट्टी कुणीतरी उचलून नेली होती, हौद कोरडा होता. चाची इद्दतीत होती, नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याचे ते दिवस, म्हणून दारातल्या पडद्याआडूनच बोलली. खाल्लंस का, पोरं बरी हायत का, असं विचारून झालं.

"त्या दिशी कशेळीला बॉनेट उघडलंस," ती म्हणाली, "तवा ते काय म्हनाले रे तुला?"

"काय न्हाय, चाची. पानी कमी भरलंस म्हनून शिव्या घातल्या."

"बरं झालं," पडद्याआडून चाची म्हणाली. "म्हंजे त्यांना कळलं न्हाय."