बाबांचं बारावं कलम

२०२० च्या एप्रिलमध्ये मी आयर्लंडमध्ये लिमरिकला कायद्याचं मास्टर्स करत होते. नागपूरहून तीन आठवड्यांसाठी आलेले बाबा कोरोनामुळे विमानं बंद झाल्यानं माझ्याकडेच अडकले होते. लॉकडाऊनचा नियम होता, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. त्यामुळे दिवसभर किचनच्या टेबलाशी आम्ही दोघं समोरासमोर.

त्याच टेबलावर मी सेमिनारची तयारी करत होते. विषय: अमेरिकेतले मूलभूत हक्क राज्य सरकारांना कसे लागू झाले. बाबा सारखं 'का' विचारून मला वाचू देत नव्हते.

"काऊन गं, हक्क तर घटनेत लिहिले होते ना?"

"होते, पण फक्त केंद्र सरकारविरुद्ध. एका माणसाचा बंदरातला धक्का शहराच्या कामांमुळे गाळानं भरला. तो सुप्रीम कोर्टात गेला, तर कोर्ट म्हणालं, हे हक्क राज्यांना बांधत नाहीत."

"मग?"

"मग यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली. चौदावी दुरुस्ती आली. राज्यांनीही कुणाचं स्वातंत्र्य मनमानीपणे हिरावायचं नाही."

"म्हणजे झालं काम."

"नाही ना झालं! कोर्टानं एकेक हक्क सुटा सुटा लागू केला. आधी भाषणाचा, मग कित्येक वर्षांनी गरीब आरोपीला वकील मिळण्याचा. शंभर वर्षं चाललं हे."

"लिहिलेलं वाचाले शंभर वर्षं?"

"बाबा, प्लीज! तुम्हाला यातलं काही कळत नाही."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कलम बारा. आपल्या घटनेत या हक्कांसाठी राज्य सरकारही पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे. मले पाठ आहे."

मी लॅपटॉप मिटून विचारलं, पाठ कसं काय; तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्या जन्माआधी राज्य सरकारच्या एका कार्यालयानं त्यांना, म्हणणंही न ऐकता, कारकुनीवरून काढलं होतं. हायकोर्टात जाऊन, घटनेची कलमं पाठ करत, तीन वर्षांनी त्यांनी नोकरी परत मिळवली. तोवर टायपिंग शिकवून घर चालवलं. टायपिंगचं मला माहीत होतं. ते 'का' करावं लागलं, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला, की चहा करायला उठले.

ऑनलाइन सेमिनारमध्ये शेवटी मी भारताशी तुलना केली, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. परत जोडले गेले तेव्हा सेमिनार घेणाऱ्या आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे तिकडचं 'ठीक आहे', "पुन्हा सांग."

बाबा कॅमेऱ्याच्या बाहेर बसून दबक्या आवाजात म्हणाले, "हळू सांग. गडबडून राहिली तू."