वारलू सुताराची सुटलेली फरशी

सावली गावचा वारलू सुतार तसा मुकाट माणूस. चौकटी, खिडक्या, बंडीची चाकं, सांगाल ते करून द्यायचा आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा. सगळ्यांत जास्त भरवसा गुणवंतरावावर. गुणवंतराव म्हणजे त्याच्या बायकोचा, कमळाचा, थोरला भाऊ. सरकारी इमारतींची ठेकेदारी करायचा.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात गुणवंतरावाला एटापल्लीच्या एका सरकारी बंगल्याचं काम मिळालं. तिथं जमिनीवर लिनोलियम बसवायचं होतं. चामड्यासारखं जाड, गुळगुळीत, नागपूरहून गुंडाळ्या करून आलेलं. ते चिकटवायला डब्यांतून काळा गोंद आला होता. त्याला राळेचा उग्र वास यायचा आणि हाताला लागला तर रॉकेलनं घासल्याशिवाय निघायचा नाही. वारलूनं पहिली खोली त्या गोंदावर बसवली. कडांत नख शिरेना.

पुढचे डबे गुणवंतराव स्वतः सावलीहून घेऊन आला. डबे तसेच, आतला गोंदही काळाच. पण झाकण उघडताच वारलूला पेजेसारखा वास आला.

"भाऊ, हा येगळा वाटते."

"नवा माल हाय, जवाईबुवा. पावसाच्या आदी साहेब येऊन राह्यले. लावा लवकर."

वारलूनं मधल्या दालनात तो लावला.

पाऊस लागला आणि जमिनीतून ओल चढली. पहिली खोली जशीच्या तशी राहिली. मधल्या दालनात मात्र लिनोलियमला फुगे आले, कडा वर वळल्या, खाली बुरशी माजली. सोमारी नावाची म्हातारी बंगल्यावर पाणी तापवायची. उकळत्या पाण्याचा गंज नेताना तिचा पाय वर आलेल्या कडेत अडकला. गंज कलंडला आणि म्हातारीचा पाय मांडीपासून खाली भाजला.

साहेब चौकशीला आले. वारलूला वाटलं, भाऊ आता सांभाळून घेईल. गुणवंतराव हात जोडून पुढं झाला.

"साहेब, माल अस्सल होता. यानं पाणी टाकून पातळ केला. आपल्याच घरचा माणूस, मी का बोलू?"

वारलू पुढं सरकेपर्यंत साहेबांची जीप निघूनही गेली होती.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली. चौकट सांगायला आलेला माणूस हसत विचारायचा, "पाणी तं नाई टाकत ना बा?" बाहेर तो हे गिळून घ्यायचा. घरी मात्र कमळाजवळ तेच तेच बोलायचा. गोंद असा कसा निघाला, भाऊ असा कसा फिरला. कमळा चूल फुंकत ऐकत राहायची.

दिवाळी झाल्यावर तो सोमारीला बघायला एटापल्लीला निघाला. म्हातारी अजून काठीशिवाय उठत नव्हती. कमळानं तिच्यासाठी चिवडा बांधला आणि एकाएकी उंबऱ्यात बसली.

"ते खळ मी शिजवली."

"कोणती खळ?"

"डब्यातली. तांदळाच्या पिठाची. दादा म्हणे, कागद चिकटवाले पाह्यजे. मंग त्यानं त्यात कोळशाची पूड मिसळली अन् डब्यात भरली. तवाच समजलं मले."

"अन् इतके दिवस तू आयकून राह्यली? बोलली काऊन नाई?"

"मले माहेर एकच हाय."

वारलूनं निघणं रहित केलं, तिच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, "पंचाईले सांगशीन?"

"सांगीन."

त्या एका शब्दावर तो परत भरवसा ठेवून बसला. देवळापुढं पंच जमले. गुणवंतरावही आला. पंचांतले भैयाजी म्हणाले, "कमळाबाई, खळ तू शिजवली का?"

कमळानं भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तो हळूच म्हणाला, "सांग बाई, खरं असन ते सांग."

कमळानं पदर पुढं ओढला. "मले काई माईत नाई."

साळा खोटं बोलला तेव्हा वारलूनं ते गिळून घेतलं होतं. बायकोचं खोटं मात्र गिळवेना. तो घरी गेला, हत्यारांची पेटी उचलली आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकात बसून एटापल्ली गाठली. त्या बंगल्यातलं कुजलेलं लिनोलियम त्यानं कुणी न सांगता खरवडून काढलं. सोमारीच्या झोपडीशेजारी छप्पर टाकलं. बंड्यांची चाकं करून तो तिथंच राहिला.

शिमग्याला कमळा आली. वाळून गेली होती.

"चाला घरी. आता साऱ्या गावापुढं सांगीन मी."

"आता काऊन?"

ती छपराखाली टेकली. मग म्हणाली, "काम भागलं तसं दादानं घर बंद केलं मले."

"म्हंजे त्यानं दार उघडलं असतं तं तू आली नसती."

कमळानं नाही म्हटलं नाही. वारलूनं तिला भात वाढला, मासोळीचा रस्सा वाढला, ती जेवेपर्यंत समोर बसून राहिला. मग तिला सावलीच्या वाटेनं आलापल्लीकडं जाणाऱ्या ट्रकात बसवून दिलं. ट्रक हलल्यावर ती वळून काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही. ट्रक चढावर हळू चालला होता, धावला असता तर त्यानं गाठलाही असता. पण तो जागचा हलला नाही.