निळा खडा

आमच्या खिडकीत कॅव्हनसाइटचा एक खडा आहे. सकाळचं ऊन पडलं की त्याचे निळे स्फटिक असे उजळतात, की घरी आलेला माणूस थबकतो. मी मात्र नजर वळवतो.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. हा खडा मला वाघोलीच्या खाणीत दगड फोडणाऱ्या शेवंताबाईंनी दाखवला. "लेकीसाठी ठेवलाय, सर. भारी असतोय का हो ह्यो?"

लाव्हाच्या काळ्या खडकात क्वचितच सापडणारं ते खनिज मी ओळखलं होतं. तरी म्हणालो, "साधाच आहे. मुलांना शिकवायला होईल मला."

त्यांनी तो पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला. खडकाच्या पोकळीत तो किती युगं निजून होता, कोण जाणे. त्याला बाईंच्या लेकीपासून तोडायला माझं एक वाक्य पुरलं.

महिन्याभराने खरं सांगून तो परत करायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी गाठोड्यातून दुसरा निळा खडा काढला. "तुमच्या पोरांसाठी जपून ठेवला बघा."

मी तोही घेतला. तो आता कॉलेजच्या कपाटात आहे आणि खालच्या चिठ्ठीवर, देणाऱ्याचं म्हणून, नाव माझं आहे.